मुठीवरचा अंगठा

मी एक जुनी कुदळ आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो. लोखंडाची नाही, तांबड्या हरणाच्या शिंगाची. तेही मारलेल्या हरणाच्या नव्हे, वसंतात त्यानं आपणहून माळावर टाकून दिलेल्या शिंगाची. कोणाचा जीव घेऊन मी जन्मले नाही, एवढा मान माझ्या घराण्याला आहे.

ओर्ना नावाच्या बाईनं मला उचललं. नको ते फाटे जाळून तोडले आणि एकच ठेवला, तो माझा दात. इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या खडूच्या टेकडीवर तिच्या माणसांनी विहिरीसारखे खोल खड्डे खणले होते. तळाशी चकमकीच्या काळ्या दगडाचा थर होता. त्याच्या कुऱ्हाडी होत. दगड काढायला तळातून आडवी बिळं पाडत. ओर्ना अंगानं बारीक, म्हणून पोटावर सरपटत आत तीच जाई. थोरला भाऊ ब्राक बाहेर बसून टोपलीनं चुरा ओढी आणि तोंड चालवी.

आत काय घाण मारायची! दिव्याची जळकी चरबी, घाम, ओला खडू, आणि ब्राकनं सकाळी खाल्लेला रानलसूण. मला शिसारी यायची. ओर्नाच्या हाताची मात्र कधी आली नाही. तिच्या उजव्या अंगठ्यावर आडवा व्रण होता, चकमकीची ढलपी लागून झालेला. तो अंगठा रोज माझ्या मुठीवर एकाच जागी टेकायचा. तिथं मी गुळगुळीत झाले.

"दादा, एकदा तू ये की आत!" ती ओरडे.

"माझं पोट अडकेल, ओर्ने."

"अडकू दे! बिळाला बूच बसेल. बाहेरचा गारठा तरी थांबेल!"

एके दिवशी छतातून पाणी झिरपलं. खडूचा चिखल झाला आणि ओर्नाचा पंजा पांढरा लडबडला. त्याच पंजानं तिनं मला धरलं, भिंतीला टेकवलं आणि म्हणाली, "थोडंच राहिलंय. उद्या येते."

सकाळी ओर्ना येऊन बघते तर बिळाचं तोंड ढासळलेलं.

"दादा, माझी कुदळ आत आहे रे!"

"मग? हरणं दरसाल शिंगं टाकतात. दुसरी घे."

"तिच्यासारखी दुसरी नाही."

"कुदळीपायी गाडून घेतेस का स्वतःला? सरक!"

त्यांची रीतच तशी होती. नव्या खड्ड्याचा चुरा जुन्यात ओतायचा, म्हणजे वर वाहायला नको. ब्राकनं स्वतःच्या टोपलीनं मला पुरलं. थू!

पुढं साडेचार हजार वर्षं मी अंधारात काढली. खड्डा भरला, तरी वर खळगा राहिला. माणसाला खळगा दिसला की एकच सुचतं. मेलेल्या मेंढ्या टाकल्या, फुटक्या बाटल्या टाकल्या, एकानं तर गंजकी खाट आणून टाकली. त्या सगळ्याचं पाणी झिरपून माझ्याकडं येई. पण माझ्या मुठीवर तो चिखल वाळून घट्ट बसला होता. चार बोटांचे आणि व्रणाच्या अंगठ्याचे ठसे, जसेच्या तसे. तेवढ्यावर मी तग धरला.

मग जुन्या वस्तू शोधत उकरणारे आले. त्यांच्या प्रमुख विनिफ्रेडबाई खाली बिळात होत्या. मी ढेकळांसकट वर गेले. मुठीवर काय आहे, ते अंधारात कोणालाच दिसलं नाही. वर निघालेली वस्तू आधी धुवायची, हा तिथला नियम. धुवायला हर्बर्ट होते, निवृत्त पोस्टमन, भारी टापटिपीचे. हातात दात घासायचा ब्रश.

"चला आजीबाई, आंघोळ करू या!"

आजीबाई म्हणे! टबातल्या त्या पाण्यात मेंढीची हाडं धुतलेली होती. मला त्यात बुडवलं. खसाखसा. करंगळी गेली. तिच्या शेजारचं गेलं. मधलं गेलं. मला वाचा असती ना, तर त्या माणसाची सात पिढ्यांची आंघोळ काढली असती! तर्जनीही गेली.

"हर्बर्ट! ब्रश खाली ठेवा!" बाई शिडीवरूनच ओरडल्या.

"का हो बाई? चिखलच तर आहे."

बाईंनी मला उन्हात तिरपं धरलं. अंगठा उरला होता. त्यावरची आडवी रेघ स्पष्ट दिसत होती.

"चिखल नाही हा. कोणाचा तरी हात आहे."

हर्बर्टनी आपला अंगठा त्याच्याजवळ नेला, टेकवला नाही. "केवढासा आहे," म्हणाले. मग त्यांनी टबाकडं पाहिलं. पाणी पांढरं झालं होतं.

"बाई, आता हे पाणी कुठं ओतू?"

हर्बर्ट तसेच टबापाशी बसून राहिले.

मित्रांनो, ब्राकनं मला टाकलं, ते मी कधीच माफ केलं नाही. पण त्यानं निदान तिचा हात पुसला नव्हता. जुनं काही सापडलं तर आधी उन्हात धरून नीट बघा, मगच पाण्याला हात लावा. ओर्नाचा आता एक अंगठा उरला आहे. त्याला ब्रश लावायला कोणी आलंच, तर माझा दात अजून शाबूत आहे.