मैदानाबाहेर पाय लावायचा नाही

मुलीचा फुटबॉल अकादमीतला चाचणीचा महिना संपला आणि तिला तिथे कायम ठेवायचं की नाही, यावर आम्हा नवराबायकोची जुंपली. बायको नर्स. तिचं म्हणणं, चालून आलेली संधी लाथाडायची कशाला. मी गॅरेजवाला. रोज पहाटे शहराच्या दुसऱ्या टोकाला गाडी हाकायची, या विचारानेच माझ्या कपाळावर आठ्या.

"तुम्हाला फक्त झोपेची पडलीय," ती म्हणाली. ते खोटं नव्हतं.

तेवढ्यात गल्लीतल्या पोरांचा चेंडू फाटकाखालून आत आला. पूर्वी आमची कार्टी ताटावरून उठून धावायची. आज ती पायरीवरून उठली, वाकली, चेंडू दोन्ही हातांनी उचलला आणि फाटकावरून परत दिला. शेजारच्या काकू द्यायच्या, अगदी तसा.

"अगं, खेळ की थोडं," मी म्हणालो.

"नको बाबा. मैदानाबाहेर चेंडूला पाय लावायचा नाही. सर म्हणतात, दुखापत होते."

बायको बाहेर गेली, पोरांकडून चेंडू मागून आणला आणि मुलीच्या पायाशी ठेवला.

"मार," ती म्हणाली. "सरांना काय सांगायचं ते मी बघते."