शिलाईकाकूंच्या शटरवरचा ब्रश

मित्रांनो, मी एक जुना ब्रश आहे. चार बोटे रुंद, लाकडी मूठ आणि अर्धे केस झडलेले. हसू नका! तरुणपणी मी एका हातात अख्खे दार झाकून टाकायचो.

कारखान्यातून मी दुकानात आलो आणि तिथून रंगारीकाकांनी मला उचलले. त्यांनी मला दारांवर, खिडक्यांवर, शाळेच्या बाकांवर फिरवले. काम संपले की ते मला रॉकेलमध्ये स्वच्छ धुवायचे. "हा माझा उजवा हात," असे ते गिऱ्हाइकांना सांगायचे आणि मी फुगून जायचो.

आमच्या गल्लीत शिलाईकाकूंचे दुकान होते. त्या परक्या मुलखातून आलेल्या. त्यांची बोली वेगळी, प्रार्थना वेगळी, पण गल्लीतल्या निम्म्या मुलांचे गणवेश त्यांनीच शिवलेले. एके सकाळी त्यांच्या शटरवर कुणीतरी काळ्या रंगाने लिहून ठेवले. काकूंच्या माणसांना किडे म्हटले होते आणि गल्ली सोडा, नाहीतर बघून घेऊ, अशी धमकी होती.

रंगारीकाकांचा जीव कळवळला. काकू यायच्या आत त्यांनी मला काढून भराभर दोन हात मारले. पुढे असे पुन्हा पुन्हा झाले आणि दर वेळी आम्ही ते झाकले. पण ओल्या रंगाचा वास लपतो थोडाच! काकूंना सगळे कळत होते. शेवटी त्या पोलिसांकडे गेल्या आणि पडलेल्या चेहऱ्याने परतल्या.

"साहेब म्हणाले, शटर तर कोरं आहे. काय दाखवू मी त्यांना?" त्या रडवेल्या झाल्या. "जाऊ दे. दुकान बंद करते आणि लेकीला घेऊन जाते इथून."

रंगारीकाकांनी कपाळावर हात मारला. पुरावा आम्हीच झाकून टाकला होता! ते काकूंना तडक वाचनालयात घेऊन गेले. तिथल्या बाई अशा द्वेषाच्या बोलण्या-लिहिण्याविरुद्ध तक्रार करायला लोकांना मदत करायच्या. त्यांनी आधी काकांनाच फैलावर घेतले.

"अहो, मन मोठं तुमचं, पण घाई नडली! पुन्हा लिहिलं तर हात लावायचा नाही. अख्खं दुकान दिसेल असा एक फोटो काढा, अक्षरं वाचता येतील असा दुसरा. मग आपण मिळून तक्रार देऊ."

काही दिवसांनी ती अक्षरे पुन्हा उमटली. या वेळी फोटो निघाले, तक्रार गेली. पोलिसांनी सांगितले, आम्ही येऊन पाहीपर्यंत शटर आहे तसेच ठेवा. म्हणजे ते वर करायचीही सोय नव्हती. काकूंनी काय करावे? त्यांनी घरातले जुने शिलाई मशीन फुटपाथवर आणले आणि त्या घाणेरड्या अक्षरांसमोर बसून शिवायला सुरुवात केली! येणारे-जाणारे वाचत होते. पण मशीन चालवणारे काकूंचे पाय थांबत नव्हते. मी पिशवीत नुसता तडफडत होतो.

मग समोरच्या कोपऱ्यावर किल्ल्या बनवणारा चावीवाला आपले स्टूल घेऊन आला आणि काकूंशेजारी बसला. मागोमाग मुलांच्या आया आल्या. कुणी बटणे लावू लागले, कुणी दोरे तोडू लागले. दुपारी पोलीस आले तेव्हा चावीवाला उठला.

"साहेब, लिहिणाऱ्यांना मी पाहिलंय. भीतीपोटी गप्प होतो. आता माझी साक्ष लिहून घ्या."

पोलिसांनी शटर पाहून घेतले, तक्रार नोंदली गेली. काकांनी मला डब्यात बुडवले, तर काकूंनी हात पुढे केला. "द्या इकडे. आज मी मारते."

रंग वाकडातिकडा लागला, पण त्याचे कौतुक मला आजही आहे. "काकू, आता जाणार नाही ना?" एका मुलीने विचारले.

"अगं, रंग वाळेपर्यंत तरी थांबू दे!" असे म्हणून काकू कितीतरी दिवसांनी हसल्या.

मित्रांनो, तो रंग कधीच वाळला आणि काकू अजून इथेच आहेत. तेव्हा कुणाच्या दारावर असे विष दिसले, तर आधी त्याचा फोटो घ्या, मोठ्यांना सांगा, तक्रार करा आणि त्या माणसाशेजारी जाऊन बसा. मला तेवढे धुऊन, केस मऊ ठेवून सांभाळा. हाक मारलीत की मी येईन, मात्र सगळ्यांत शेवटी.