मागच्या जिन्याचा राखणदार

भूतबीत काही नसतं, हे मी शाळेत विज्ञान शिकवताना ठणकावून सांगतो. लालबागच्या आमच्या चाळीचा मागचा लाकडी जिना सडला, तेव्हा 'धोका, वापरू नका' अशी पाटी मीच लावली. कुणी ढुंकून पाहिलं नाही.

मग तळमजल्यावरच्या मीराबाईंनी पहिल्या पायरीवर नारळ ठेवला, गाऱ्हाणं घातलं आणि सगळ्यांना बजावलं, "हंय राखणदार बसलो हा." त्या दिवसापासून जागा राखणाऱ्या या भुताच्या धाकाने जिना ओस पडला.

परवा भरदुपारी तो कोसळला. खाली चिटपाखरू नव्हतं.

"बाई, मानलं तुम्हाला!" मी म्हणालो. "पण तिथे खरंच भूत होतं का?"

"मास्तर, पाटी लावल्यावर तुम्ही कुठल्या जिन्याने उतरायचात?"

"मागच्याच."

"आणि नारळ ठेवल्यावर?"

"पुढच्या," मी म्हणालो.