मी चोर ठरवलेली बाई

मी एक डोंगल. अंगठ्याच्या पेराएवढा, कॉम्प्युटरच्या मागे खोचलेला. मी जागेवर नसेन तर सॉफ्टवेअर उघडत नाही. पहारेकरीच म्हणा ना. पण छाती पुढे काढून सांगावं असं माझ्याकडे काही नाही.

मला घडवणारा प्रोग्रामर मनाने वाईट नव्हता. वाकड्या पावलांसाठी बुटांचे साचे आखणारं सॉफ्टवेअर त्याने तीन वर्षं खपून लिहिलं, आणि महिन्याभरात त्याच्या फुकट प्रती जिकडेतिकडे झाल्या. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पिऊ लागला. त्याने मला बनवलं.

बूट शिवणाऱ्या एका बाईंनी मला रीतसर विकत घेतलं. चार वर्षं मी इमानाने राबलो. मग एका सकाळी माझ्या पोटातली तार सुटली.

समोर एक आई वाकड्या पावलांच्या सात वर्षांच्या लेकीला घेऊन बसली होती. सोमवारी शाळा सुरू होणार होती, आणि मुलीला कडेवरून नाही, स्वतःच्या पायांनी वर्गात जायचं होतं. बाईंनी सॉफ्टवेअर उघडलं. मला उत्तर देता येईना. पडद्यावर अक्षरं उमटली: ‘ही प्रत चोरीची आहे.’

आईने ती वाचली. लेकीला कडेवर उचललं आणि निघून गेली. बाईंचा चेहरा कानाखाली बसल्यासारखा झाला. चूक माझी होती, आणि कबूल करायला मला तोंड नव्हतं.

बाईंनी प्रोग्रामरला फोन करून प्रत विकतचीच असल्याचं सांगितलं. सगळे असंच म्हणतात, असं प्रोग्रामरने सुनावलं आणि पावती मागितली. पावती पाठवली, तरी अकरा दिवस उत्तर नाही. शाळा सुरू झाली. मुलगी कडेवरूनच गेली. बाराव्या दिवशी बाईंनी दुरुस्तीवाल्याकडून माझी अडवणूक मोडून घेतली आणि मुलीचे बूट शिवून घरी पोचवले.

त्यानंतर नवा डोंगल घेऊन प्रोग्रामर स्वतः आला. बघतो तर सॉफ्टवेअर माझ्याविना चालू.

“म्हणजे शेवटी चोरीच केलीत.”

“तुम्ही चोर म्हणालात तेव्हा मी नव्हते,” बाई हातातला टाका न थांबवता म्हणाल्या. “आता आहे.”

त्याने मला उपसून उघडलं. सुटलेली तार दिसली आणि त्याची मान खाली गेली. चूक आमचीच होती, असं तो पुटपुटला.

“मला नका सांगू. तुमचं ते वाक्य वाचून लेकीला घेऊन उठून गेली, त्या आईला सांगा.”

तो त्याच दुपारी गेला. मी त्याच्या खिशात होतो. दार मुलीनेच उघडलं, नवे बूट घालून, चालत येऊन. मग आईसमोर उभं राहून त्याने सगळं सांगितलं.

आता मी त्याच्या खणात पडून आहे. पडद्यावरचं ते वाक्य त्याने काढून टाकलंय. माझ्यामागून येणाऱ्या डोंगलांनो, बिघडलात तर गप्प राहा, पण कुणाला चोर म्हणू नका. ज्यांनी खरोखर प्रती पळवल्या, त्यांची माझी कधी गाठच पडली नाही. उभ्या आयुष्यात मी एकाच माणसाला दारात अडवलं, आणि ती घरची मालकीण होती.