ज्याचं धान, त्याचा तांदूळ

"हा माह्या बांधीतला तांदूळ नाई." वच्छलाबाईने मूठ नाकाशी नेली आणि दाणे पुन्हा पोत्यात सोडले. "मुखरूभाऊ, मले का वास कळत नाई?"

मुखरूने मान खाली घातली.

मूल गावच्या या राईस मिलमध्ये त्याची बावीस वर्षं गेली होती. आजूबाजूला बड्या मिली, तरी ही चिमुकली मिल तगली होती ती एकाच गोष्टीवर. ज्याचं धान, त्यालाच त्याचा तांदूळ. कोणी दोनच पोती आणली तरी ती वेगळी भरडायची. एकाचं झालं की मुखरू यंत्र थांबवून झाडून काढायचा, मगच दुसऱ्याचं नाव पुकारायचा. वेळ जायचा खरा, पण आरमोरीकडची माणसंसुद्धा वाटेतल्या मिली सोडून इथेच यायची.

मग म्हातारे मालक गेले आणि त्यांचा मुलगा प्रवीण गादीवर बसला. पोरगा वाईट नव्हता, पण नागपुरात शिकून आला होता ते सारं मोठ्या कारखान्यांचं. त्याने सगळ्यांचं धान एका टाकीत घेतलं, चकचकीत पिशव्या छापल्या आणि शहरातल्या दुकानांना माल कबूल केला. शेतकऱ्याला त्याच्या धानातून निघेल तेवढ्याच वजनाचा, त्याच प्रतीचा, पण सरमिसळ तांदूळ मिळणार होता.

"प्रवीणभाऊ, आपल्यापाशी ना तेवढं धान, ना तेवढी मानसं," मुखरू एकदा म्हणाला होता. "लोक इथी आपला दाना आपल्याले भेटते म्हनून येतेत."

"घडीघडी मशीन थांबवून कोनी मोठा झाला का, मुखरूभाऊ?"

'मोठं व्हाचं कायले?' हे मुखरूच्या ओठांवर आलं होतं. त्याने ते गिळलं, आणि त्याची चुटपुट त्याला अजून होती.

शहराला पुरेल एवढा माल निघेना आणि गावोगावची माणसं आपापल्या गावातल्या भरडायच्या चक्कीकडे वळली. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलं की दुसरं काय होणार! चौदा कामगारांचे तीन उरले. येत्या शनिवारी मिल बंद, असं प्रवीणने सकाळीच सांगितलं होतं, तेही जमिनीकडे बघत.

वच्छलाबाई तेवढी यायची थांबली नव्हती. तिच्या नवऱ्याने जपलेलं वासाचं बियाणं, तो गेल्यावरही ती शेताच्या एका बांधीत लावायची. "येवढं एक पोतं येगळं भरडून दे," ती म्हणाली होती, आणि मुखरूने शब्द दिला होता. पोतं कोपऱ्यात ठेवून तो ट्रक भरायला गेला, कारण उरलेले दोघं यंत्रावर होते आणि भरायला दुसरं कोणीच नव्हतं. तो परत येईपर्यंत त्यांनी ते धानही टाकीत ओतलं होतं. रिकाम्या पोत्यात त्याने सरमिसळ तांदूळच तोलून भरला. बावीस वर्षांत त्याने अशी लबाडी कधी केली नव्हती.

"चुकलं, बाई," तो म्हणाला.

ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"तांदूळ राहू दे इथीच," ती म्हणाली. "पोतं तेवढं दे. ते माह्यंच हाय."

मुखरूने पोतं उपडं केलं. मग खाली बसून, दुसऱ्याचा एकही दाणा आत राहू नये म्हणून, तो ते शिवणीशिवणीतून झटकत राहिला.