बिनमायेचा कोट

मित्रांनो, आधीच सांगते, हसू नका. मी सायकल आहे, म्हातारी आहे, आणि जन्मल्यापासून आजवर एक वीतभरही पुढे गेलेली नाही. मला एकच चाक, तेही जमिनीला न टेकणारं. त्याच्याभोवती एक जाड पट्टा, दोन पायडलं, टणक सीट आणि हँडलखाली एक काळं बटण. ते बटण पिळलं की पट्टा चाकाला आवळून बसतो आणि पायडल जड होतं, चढ लागल्यासारखं. अशी मी जागच्या जागी माणसांना डोंगर चढायला लावते. कारखान्यात मला जोडणाऱ्या कारागिरानं शेवटी चाक फिरवून कान लावला आणि म्हणाला, "वा! कुरकुर नाही, खडखड नाही. ही कुणाला त्रास देणार नाही." बिचारा! त्याचे शब्द खरे ठरले असते तर मी आज तुमच्यापुढे बोलायला बसलेच नसते.

माझा पहिला धनी एका गोदामाचा मोठा साहेब होता. पोट सुटलं, जिन्यावर धाप लागायला लागली, तेव्हा त्यांनी मला हौसेनं घरी आणलं आणि खिडकीपाशी ठेवलं. पण त्यांचा व्यायाम म्हणजे आरंभशूरपणा. चार दिवस असा जोर, की मी तापून जायची. मग महिनोन् महिने माझ्यावर ओले टॉवेल वाळत. मग कुणीतरी मित्र पोटावरून चिडवायचा, की साहेब पुन्हा इरेला पेटून माझ्यावर चढायचे आणि पहिल्याच दिवशी बटण गच्च पिळायचे. मधल्या आळसाची भरपाई त्यांना एका सकाळी करून हवी असायची.

अशाच एका जोरात त्यांची दाढ दुखायला लागली. "ठणकतेय गं," असं ते बायकोला सांगायचे आणि खालचा जबडा चोळायचे. दातांच्या डॉक्टरकडे जाऊन त्यांनी दाढ काढून टाकली. तरी ठणका राहिला. मित्रांनो, तेव्हा त्या घरात मला एकटीलाच एक गोष्ट ठाऊक होती. बटण आवळलं, पाय जोरात पडू लागले, की हात जबड्याकडे जायचा. पाय थांबले की थोड्या वेळानं हात खाली यायचा. दाढ गेली तरी हे चालूच होतं. मला तोंड नव्हतं. असतं तर मी ओरडून घर डोक्यावर घेतलं असतं.

एका सकाळी साहेब माझ्यावरून उतरले आणि खिडकीपाशी खुर्चीवर बसून बूट काढायला वाकले. एका बुटाची नाडी त्यांनी सोडली. दुसरी तशीच राहिली. बाई आतून हाका मारत बाहेर आल्या, तेव्हा ती नाडी सोडायला साहेब उरले नव्हते.

त्यानंतर बाईंनी माझ्यावर एक चादर टाकली आणि त्या खोलीचं दार लावून घेतलं. किती काळ मी अंधारात होते कोण जाणे. चादर निघाली ती एका शिंप्यामुळे. साहेबांचे कोट मुलाच्या मापाचे करून हवे होते, म्हणून बाईंनी त्याला घरी बोलावलं होतं. सगळे त्याला मास्तर म्हणायचे. गळ्यात टेप, कानावर खडू, तोंडात दोन टाचण्या, आणि त्या टाचण्यांसकट गप्पा मारायची कला. पोट म्हणाल तर साहेबांच्या वरताण.

मास्तरांनी कोट उलटा केला, शिवणीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "काळजी करू नका बाई. हा मीच शिवलेला आहे. आत भरपूर माया आहे, मुलाला हवा तेवढा सैल करून देतो."

मित्रांनो, शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड दुमडून ठेवतात ना, त्याला शिंपी माया म्हणतात. बाहेरून ती दिसत नाही. पण माणूस सुटला, वाढला, माप चुकलं, तर तीच उसवून कपडा वाचवता येतो. मास्तरांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "माप गिऱ्हाइकानं द्यायचं, माया शिंप्यानं."

बाईंनी ते ऐकून डोळ्यांना पदर लावला. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "मास्तर, ती सायकल न्या तुम्ही. डोळ्यांसमोर नको मला." मास्तरांनी पोटावर हात ठेवून मान डोलावली. साहेब हृदयविकारानं गेले हे त्यांना ठाऊक होतं. दाढेचं कुणी सांगितलंच नाही. दाढेचा आणि हृदयाचा संबंध तोवर बाईंच्या मनात फक्त रात्रंदिवस सलत होता, ओठांवर आला नव्हता.

मास्तरांचं दुकान पुढच्या खोलीत आणि घर मागच्या. मला त्यांच्या जुन्या, पायानं चालवायच्या शिलाई मशीनशेजारी जागा मिळाली. ती मशीन म्हणजे माझी सख्खी मैत्रीणच म्हणा. तिनंच मला सांगितलं, की तरुणपणी मास्तर दिवसभर तिच्यावर पाय चालवायचे आणि अंगानं वेताच्या छडीसारखे होते. मग विजेची मोटार आली. हात चालू राहिले, पाय मात्र कायमचे सुट्टीवर गेले. बसून बसून मास्तरांची कंबर वाढली, गुडघे धरले, आणि माळ्यावरचं कापड काढायलाही लेकीला हाक मारावी लागू लागली.

खरं सांगू? सुरुवातीचे दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले. मास्तर दुकान उघडायच्या आधी माझ्यावर बसायचे. बटण सैल, पाय संथ, तोंडानं काहीतरी गुणगुणणं चालू. जसे जसे दिवस गेले तशी त्यांची पाठ मोकळी झाली. एकदा ते स्वतः माळ्यावर चढले आणि वरून ओरडले, "अगं ए, बघ कोण चढलंय!" बायको खालून म्हणाली, "बघितलं. आता उतरता येतंय का तेही दाखवा." सगळं घर हसलं. मला वाटलं, चला, माझं नशीब उघडलं.

आणि मग लेकीचं लग्न ठरलं.

त्याच दिवशी मास्तरांनी ठेवणीतलं गडद निळं कापड काढलं आणि स्वतःसाठी कोट बेतायला घेतला. बायकोला वाटलं, आता टेप घेऊन आपल्याला माप घ्यायला बोलावतील. पण मास्तरांनी टेप हातात घेतलीच नाही. स्वतःच्या लग्नातला जुना कोट पसरला आणि त्याच्या कडेनं खडू ओढला.

"अहो, हे तुमचं तेव्हाचं माप!" बायको म्हणाली.

"लग्नापर्यंत हेच होणार आहे."

"बरं, होईल. पण माया कुठे सोडलीत?"

"सोडली नाही. माया ठेवली की माणूस ती वापरतो. परतीचे दोरच कापून टाकलेत!" असं म्हणून त्यांनी कातर चालवली. जन्मभर परक्यांच्या कपड्यात माया ठेवणाऱ्या माणसानं स्वतःच्या कोटात बोटभरही कापड ठेवलं नाही. कचकच आवाज करत कातर गेली आणि माझ्या पट्ट्यावर काटा आला.

तो कोट त्यांनी माझ्या बरोबर समोर खुंटीला टांगला. रिकामा, ताठ, खांदे पसरून. मास्तर माझ्यावर बसले की तो त्यांच्याकडे बघत राहायचा. मला तो अजिबात आवडला नाही. बिनमुंडक्याचा सावकार दारात उभा असावा तसा तो वाटायचा.

पहिल्यांदा घालून बघितला तेव्हा बटणं काजांपर्यंत पोचली नाहीत. मास्तर हसले. दुसऱ्यांदा पोचली नाहीत तेव्हा हसले नाहीत. तिसऱ्यांदा कोट खुंटीवर परत ठेवला, माझ्यावर चढले आणि हँडलखालचं काळं बटण पिळलं. गुणगुणणं बंद झालं. मग दर सकाळी बटण थोडं आणखी पिळलं जाऊ लागलं. घामाचे थेंब माझ्या हँडलवरून ओघळायचे. बायको म्हणायची, "अहो, अति तिथे माती." मास्तर दात आवळून म्हणायचे, "मातीच करायचीय या पोटाची."

आणि एका सकाळी त्यांचा डावा हात हँडलवरून सुटला आणि जबड्याकडे गेला.

मित्रांनो, तसा हात जाताना मी आधीही पाहिला होता. "दाढ ठणकतेय," मास्तर म्हणाले. तोच शब्द, तेच चोळणं. "लग्न उरकलं की काढून टाकतो." बायकोनं कोमट पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या. मी जिवाच्या आकांतानं करकरले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मास्तरांनी काय करावं? मशीनच्या तेलाची बुधली आणली आणि मायेनं माझ्या सांध्यांत तेल सोडलं. "म्हातारी झाली बिचारी," म्हणाले. माझा आवाज बंद झाला. मला तेल घालणाऱ्या त्या हाताला स्वतःच्या छातीत काय करकरतंय ते ऐकू येत नव्हतं. शेजारची मशीन मला म्हणाली, "घाबरू नकोस, दाढच असेल." पण साहेबांची ती खिडकीपाशीची खुर्ची तिनं कुठे पाहिली होती?

लग्न तोंडावर आलं. त्या सकाळी मास्तर ऊर फुटेस्तोवर पायडल मारत होते, तेवढ्यात दुकानाच्या पायरीवर साहेबांच्या बाई येऊन उभ्या राहिल्या. मुलाच्या कोटाच्या बाह्या थोड्या उतरवून हव्या होत्या. मला बघताच त्या दारातच थबकल्या.

"या, या बाई," मास्तर उतरले. कपाळ घामानं निथळत होतं, हात जबड्यावर. "बसा. ही मेली दाढ बोलू देत नाही."

बाईंच्या हातातली पिशवी खाली पडली.

"मास्तर, दाढ कधी दुखते?"

"आता काय सांगू? सायकलवर बसलं की."

"आणि उतरल्यावर?"

"उतरल्यावर जरा वेळानं थांबते. का हो?"

"दाढ अशी थांबत नसते, मास्तर," बाई म्हणाल्या. "ह्यांचीही अशीच थांबायची. आम्ही दाढ काढली आणि माणूस गमावला. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला."

आतून बायको आणि लेक धावत आल्या. मास्तरांचा चेहरा पांढरा पडला होता, पण जित्याची खोड! ते बायकोला म्हणाले, "जाऊ ना. लग्न झालं की जाऊ. आता दवाखान्यात निजवलं तर हा कोट काय तुझा भाऊ घालणार? काही झालेलं नाही मला." असं म्हणून त्यांनी पुन्हा माझ्या सीटवर हात ठेवला.

लेक पुढे झाली. तिनं टेबलावरची मोठी कातर उचलली, खुंटीवरचा कोट ओढला आणि पाठीमागून, खालपासून मानेपर्यंत, टरकन उभा चिरला.

शिंप्याच्या घरात शिवलेल्या नव्या कपड्यावर अशी कातर कधी चालली नव्हती.

"आता झाला का बसेल असा?" ती म्हणाली आणि रडायला लागली. "मला बाप हवाय, बाबा. कोट नकोय!"

मास्तर मटकन खाली बसले. मग कुणीतरी रिक्षा आणली, त्यांना दोन्हीकडून धरून नेलं, आणि दुकानाची फळी लागली.

मित्रांनो, त्यानंतरच्या दिवसांचं काय सांगू? समोर चिरलेला कोट पडलेला. माझ्या पायाशी मास्तरांचे बूट, कारण त्यांना घाईत चपला घालून नेलं होतं. त्यातल्या एका बुटाची नाडी सुटलेली होती आणि दुसरीची गाठ तशीच होती. मी त्या गाठीकडे बघत राहायची. फळीबाहेर पावलं वाजायची, दूर जायची. कुणी आत येत नव्हतं. मला पक्कं वाटायला लागलं, की मी अवलक्षणी आहे, माझ्यावर बसेल त्याला मीच खाते.

फळी उघडली तेव्हा आधी बायको आत आली. मग लेक. मग, तिच्या खांद्यावर हात ठेवून, मास्तर. गालफडं बसलेली, पण चालत आले. हृदयाची एक नळी बंद होत आली होती, ती डॉक्टरांनी मोकळी केली होती. "आठवडाभर उशीर झाला असता तर," एवढंच बोलून बायकोनं वाक्य सोडून दिलं.

लग्नात मास्तरांनी तोच कोट घातला. लेकीनं पाठीत दुसऱ्या कापडाची पट्टी जोडली होती, फिकी, लांबून दिसेल अशी. पाहुण्यांपैकी कुणी हसलं असेल, तर मास्तर त्यांच्याकडे पाठ करून मुद्दाम उभे राहिले, असं मशीननं मला ऐकीव सांगितलं.

मला वाटलं होतं, आता मी भंगारात जाणार. पण डॉक्टरांनी मास्तरांना बजावलं होतं: व्यायाम सोडायचा नाही. थोडा करायचा, नेमानं करायचा, आणि बोलत करायचा. वाक्य तुटलं की थांबायचं. तेव्हापासून मास्तर माझ्यावर बसून अखंड बडबडतात, आणि बायको समोर काजं करत हूं हूं म्हणते. गिऱ्हाइकांच्या उचापती, भाज्यांचे भाव, मुलीच्या सासूचं घोरणं, काही म्हणजे काही सोडत नाहीत. मी मात्र त्यातलं एक अक्षर ऐकत नाही. मी फक्त श्वास ऐकते. दर सकाळी, जीव मुठीत धरून.

मित्रांनो, माझ्यासारखी एखादी तुमच्याही घरात टॉवेलांखाली उभी असेल. तिच्यावर बसा, आई-बाबांनाही बसवा. रोज बसा. पण मधली वर्षं एका महिन्यात वसूल करायला जाऊ नका. मी लोखंड आहे, मला दया येत नाही असं समजा, आणि अंगाच्या शिवणीत थोडी माया राहू द्या.

आज सकाळचीच गोष्ट. मास्तर बोलता बोलता मध्येच गप्प झाले. बायकोची सुई कापडातच राहिली. "अहो?" ती म्हणाली. उत्तर नाही. माझं चाक मंद झालं, मग थांबलं. मास्तर सावकाश उतरले, भिंतीला धरून खुर्चीपर्यंत गेले आणि बसले.

"धाप लागली," ते म्हणाले. "आज एवढंच पुरे."

मग ते वाकले. एका बुटाची नाडी सोडली आणि थांबले. मी बघत होते, बायको बघत होती. मास्तरांनी एक मोठा श्वास घेतला आणि दुसऱ्या बुटाची नाडी सोडली.