पडदा आम्ही फाडला नव्हता

मी एक क्रेडिट कार्ड. पाकिटाच्या सगळ्यात आतल्या कप्प्यात, जुन्या पावत्यांच्या मागे माझं आयुष्य गेलं. तरी सांगण्यासारखं थोडं आहे माझ्याकडे.

माझा जन्म एका यंत्रात झाला, हजारो भावंडांबरोबर. सगळे एकाच रंगाचे, फरक फक्त आकड्यांचा. लिफाफ्यात बसून निघालो तेव्हा वाटलं, आता दुकानं बघू, जग बघू. पण माझी मालकीणबाई पडली कपडे शिवणारी. "अडीअडचणीला असू दे," म्हणत तिने मला आत सरकवलं आणि मी तीन वर्षं अंधारात अडचणीची वाट बघत बसलो. असं वाट बघणं बरं नव्हे, पण खरं तेच सांगतो.

शेवटी लेकीच्या हट्टापायी तिघं दोन दिवस सुट्टीला निघाली. मालक, म्हणजे तिचे यजमान, लोकांना गाडी शिकवतात. त्यामुळे घरातही त्यांचा पाय कायम ब्रेकवर. "जपून खर्च करा," असं ते हॉटेलच्या दारापर्यंत सांगत होते.

हॉटेलात काउंटरवरच्या माणसाने मला यंत्रात खुपसलं. "खोलीत काही नुकसान झालं तर याच्यावरून घेतो," तो हसून म्हणाला.

"आमच्याकडून कसलं नुकसान होणार?" मालकीणबाई म्हणाली.

माणसं नव्या खोलीत शिरली की आधी खिडकीबाहेर बघतात. मालकीणबाईने खिडकीचा पडदा बघितला. खाली वीतभर फाटलेला, आणि कुणीतरी त्याला स्टेपलरच्या पिना मारलेल्या.

"अहो, हे बघा. कापडाला पिना मारल्यात."

"मारू देत. पडदा आपला आहे का? राहू दे."

तिने राहू दिलं, पण जेमतेम दुसऱ्या सकाळपर्यंत. बापलेक पोहायला गेल्यावर तिने पर्समधून सुईदोरा काढला, एकेक पीन सोडवून कचऱ्यात टाकली आणि पडदा शिवला. मी शेजारीच उघड्या पाकिटात होतो. बाई शिवताना गुणगुणत होती. तिची सुट्टी खरी तेव्हा सुरू झाली, असं माझं मत आहे.

आठ दिवसांनी फोनवर संदेश आला. हॉटेलने माझ्यावरून नव्या पडद्याचे पैसे कापून घेतले होते. कारण दिलं होतं, पाहुण्यांनी पडदा फाडला आणि शिवून लपवला.

"देऊन टाकू आणि विसरू," मालक म्हणाले. "कुठे भांडत बसतेस?"

"पैशांचं सोडा हो. मी कापड फाडते, असं कुठेतरी लिहिलेलं राहील त्याचं काय?"

तिने बँकेला फोन लावला. पलीकडे आधी बराच वेळ संगीत वाजलं. तेवढ्यात हिने दोन पँट खालून दुमडून शिवल्या. मग एक मुलगी बोलायला आली.

"मॅडम, पडदा तुम्ही फाडलात का?"

"नाही. मी शिवला."

"म्हणजे पडद्याला हात लावलात?"

"हात न लावता कसा शिवतात, बाळ?"

ती मुलगी म्हणाली, "हॉटेलकडून पुरावा मागवते."

पुरावा आला. पडद्याच्या शिवणीचा अगदी जवळून काढलेला फोटो.

"झालं," मालक म्हणाले. "शिवण तुझीच. आता नाही कशी म्हणणार?"

लेकीने फोटो मोठा केला. बाईने चष्मा लावला आणि बराच वेळ बघत राहिली.

"हे दोन टाके जरा लांब पडलेत," ती म्हणाली.

"आई, आपण कशासाठी बघतोय?"

"थांब गं. हे तपकिरी ठिपके बघ. शिवणीच्या दोन्ही बाजूंना, जोडीजोडीने. हा गंज आहे. पिनांचा." तिने चष्मा काढला. "आपण राहिलो दोन दिवस. दोन दिवसांत पीन इतकी गंजून कापडाला डाग पडतो का? त्यांना म्हणावं, तुमचाच फोटो नीट बघा."

लेकीने तसंच लिहून पाठवलं. पाठवण्याआधी मालकांनी मोबाईल मागून घेतला आणि खाली एक ओळ घातली: 'बायकोने मला पिना पहिल्याच दिवशी दाखवल्या होत्या. मी राहू दे म्हणालो होतो. ती ऐकत नाही.'

तीन आठवड्यांनी पैसे परत आले. सोबत हॉटेलचं एका ओळीचं पत्र होतं: 'आपल्या नावापुढचा शेरा काढून टाकला आहे.' ती ओळ बाईने दोनदा वाचली. पैशांचा आकडा तिने बघितला की नाही, शंकाच आहे.

आता माझी मुदत संपली. माझ्या कप्प्यात नवं कार्ड आलं. नियमाने माझे तुकडे करायचे, म्हणून मालक कात्री घेऊन आले.

"ठेवा ती खाली. कापडाची कात्री प्लास्टिकला लावतात का?" बाई ओरडली आणि मी वाचलो.

हल्ली मी शिवणयंत्राशेजारी असतो. माझ्या सरळ कडेने ती कापडाची घडी दाबून घेते. अंगभर खडूची पांढरी पूड असते, आकडे दिसेनासे झालेत. पण पाकिटात तीन वर्षांत लागला नाही एवढा हात मला इथे एका दिवसात लागतो.

माझी तुम्हाला एवढीच विनंती, कुठे शिवण दिसली तर शिवणाऱ्यालाच आधी धरू नका.

परवा मालकांनी विचारलं, "पुढच्या वेळी हॉटेलात फाटका पडदा दिसला तर?"

"आधी फोटो काढीन."

"आणि मग?"

बाईने दोऱ्याचं टोक ओलं केलं, सुईत ओवलं.

"मग काय? तसाच फाटका ठेवून येऊ?"